घरच्यांच्या फोनमधल्या परमिशन एकदा बघून घ्या

आपल्या इंदूरात जेल रोडवरून नवा फोन घेतला की बरेचदा दुकानातला मुलगाच सगळं सेट करून देतो, अ‍ॅप जे मागेल त्याला पटापट अलाऊ दाबत जातो आणि आई-आजोबा पुढे तसाच वापरत राहतात. म्हणून या रविवारी पोहे-जिलेबी झाली की घरातल्या मोठ्यांचे फोन घेऊन बसा, आणि त्यांनाही शेजारी बसवा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधे प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमधे परमिशन टाका. तिथे लोकेशन, कॅमेरा, माइक एकेक उघडलं की कोणत्या अ‍ॅपला काय दिलंय ते दिसतं. टॅक्सीच्या अ‍ॅपला लोकेशन लागणारच, पण ते अ‍ॅप वापरत असतानाच असं ठेवा, आणि हवामानवाल्याला अंदाजे लोकेशन पुरतं, अँड्रॉइड 12 पासून प्रिसाइज म्हणजे नेमकं लोकेशन बंद करता येतं.

कॉन्टॅक्टच्या बाबतीत मात्र खूप कडक राहा, कारण ते फक्त तुमचं नसतं हो, त्यात मावशीचा नंबर, मुलीच्या मैत्रिणीचा नंबर, ज्यांना कुणी विचारलेलंच नाही. फसवे लोनवाले हीच यादी उचलतात आणि हप्ता चुकला की सगळ्या नातेवाईकांना फोन करून माणसाची अब्रू काढतात. रिझर्व्ह बँकेने 2022 मधेच नियम केलाय की कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल्स बघायच्या नाहीत, कॅमेरा किंवा लोकेशन घ्यायचं तर केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं, एकदाच आणि तेही विचारून. तेव्हा कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागायला लागलं की तिथेच काढून टाका.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून जी फाइल येते तिचं नाव शेवटपर्यंत वाचा. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, शेवटी एपीके (.apk) लिहिलंय म्हणजे ते अ‍ॅप आहे, मग पाठवणारा सख्खा काका का असेना, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. असल्या अ‍ॅपला एसएमएस दिलं की ते ओटीपी वाचतं, अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली तर स्क्रीनवरचं वाचून तुमच्याऐवजी बटणंसुद्धा दाबतं. चुकून टाकलंच गेलं तर आधी एरोप्लेन मोड लावा, वायफाय बंद झालंय ना तेही बघा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला सांगा, पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, घरच्यांना ओरडत बसू नका, तेवढ्या वेळात पैसे पुढे सरकतात.