एमबीएची फी आणि टॅक्स: खानदेशातून अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

रावेर, भुसावळ, धुळे, शहादा, कुठूनही आलेली आपली पोरं पहिल्या फेब्रुवारीत हमखास विचारतात, "भाऊ, एवढी फी भरली, टॅक्समधून किती सुटेल?" एफ-1 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, असाल तर फीपोटी काहीच सुटत नाही. हे येण्याआधीच कळलेलं बरं, म्हणजे घरचा हिशोब चुकत नाही.

एफ-1 वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही अमेरिकेच्या टॅक्सपुरते नॉन-रेसिडेंट, म्हणजे तिथले रहिवासी नाही. रिटर्न नॉन-रेसिडेंटच्या 1040-एनआर फॉर्मवर, सोबत विद्यार्थी म्हणून राहिल्याचे दिवस सांगणारा 8843 फॉर्म. कमाई शून्य असली तरी 8843 भरायचाच. कॉलेजकडून 1098-टी, म्हणजे भरलेल्या फीचा फॉर्म, आला की काही जण रहिवाशांचा साधा 1040 भरून लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, म्हणजे फीपोटी मिळणारी करसवलत, घेऊन मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. ते क्रेडिट नॉन-रेसिडेंटला नाही, आणि ग्रीन कार्डाच्या वेळी जुनी रिटर्नं बाहेर निघतात. भारत-अमेरिका करविषयक कराराच्या कलम 21 मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, मात्र मिळतं, 2025 साठी 15,750 डॉलर. इंटर्नशिपच्या पगारावर हा मोठा आधार आहे, सोडू नका.

नोकरी करत एमबीए करणाऱ्यांनी आधी कंपनीला विचारावं. कंपनीने वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत फी भरली तर अमेरिकेच्या करकायद्याच्या कलम 127 खाली त्यावर टॅक्स नाही. पगारदाराने स्वतः भरलेली फी नोकरीचा खर्च म्हणून वजा करणं 2018 पासून बंद आहे. जुने सल्ले वाचून त्यावर विसंबू नका.

खरी संधी गावाकडे आहे, आणि ती कर्ज मंजूर होण्याआधीच साधावी लागते. भारतातल्या आयकरात 80ई कलमाखाली शैक्षणिक कर्जाचं भरलेलं सगळं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं, शिक्षण परदेशातलं असलं तरी; मुद्दल नाही. जुनी करप्रणाली घेतली तरच. कर्ज बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं हवं, गावातल्या पतसंस्थेचं चालत नाही. आता वडिलांचं सगळं उत्पन्न केळीचं असेल, तर शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. व्याज वजा करणार कशातून? आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर कर्जात तिचं नाव घाला आणि व्याज तिच्याच पगाराच्या खात्यातून जाऊ द्या. मोठा भाऊ रेल्वेत असला, हप्ता भरायला तयार असला, तरी त्याला ही सवलत नाही. स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणापुरतीच ती आहे.

व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष धरून आठ वर्षंच सवलत मिळते. शिकताना थोडं व्याज भरलं तरी ही मुदत सुरू होते. तरीही माझं मत, जमेल तेवढं व्याज भरत राहा. साचलेलं व्याज सवलतीपेक्षा महाग पडतं. आणि दर एप्रिलमध्ये बँकेकडून व्याजाचा दाखला आईच्या नावाने मागून घ्या.