पाच हजारांत क्रिप्टो ट्रेडिंग शिकायचं तर

आंब्याची पट्टी हातात आली की आधी खताचे, फवारणीचे आणि पावसाळ्याच्या बेगमीचे पैसे बाजूला काढा. होडीवर जाणाऱ्यांनी 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीतला घरखर्चही धरावा. उरलेल्यातले पाच हजार, जे सगळे बुडाले तरी घरचं काही अडणार नाही, तेवढ्यावरच शिका. सोनं गहाण ठेवून तर अजिबात नको.

एक्स्चेंज, म्हणजे जिथे क्रिप्टो घेता-विकता येतं ते ॲप, भारत सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे ना, ते तपासा. पॅन, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. सुरुवातीला 500 रुपयेच भरा (किमान मर्यादा जास्त असेल तर तेवढे). थोडं बिटकॉइन घ्या, विका आणि रुपये बँकेत परत आणा. अख्खं बिटकॉइन घ्यावं लागत नाही. त्याचे 10 कोटी भाग पडतात. पैसे खात्यात दिसले की मगच बाकीचे भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. प्रत्येक विक्रीच्या रकमेतून 1% टीडीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, वजा होतो. पाच हजारांची नाणी वीस वेळा घेतली-विकली आणि भाव जागचा हललाच नाही, तरी हातात साधारण 4,090 उरतात, आणि एक्स्चेंजची फी वेगळी. आयकर रिटर्न भरल्यावर टीडीएस करात वळता होतो, पण तोवर भांडवल अडकून पडतं. नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30% कर आहे, वर त्या करावर 4% सेस (उपकर). एका नाण्यात 1,000 कमावले आणि दुसऱ्यात 1,000 घालवले, तरी 312 रुपये कर द्यावाच लागतो, कारण तोटा वजा होत नाही. म्हणून छोट्या भांडवलावर रोजची खरेदी-विक्री परवडत नाही. महिन्याला दोन-तीन व्यवहार पुरेत. प्रत्येकाची तारीख, भाव, फी, टीडीएस आणि का घेतलं हे वहीत लिहा. रिटर्न भरताना तीच वही लागते.

एका व्यवहारात भांडवलाच्या 2%, म्हणजे 100 रुपयांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. भाव 5% पडल्यावर बाहेर पडायचं ठरवलं, तर 2,000 पर्यंतच खरेदी करा. घेताना मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने) टाळून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाने) लावा. फारशा न चालणाऱ्या नाण्यांत खरेदीचा भाव 100 आणि विक्रीचा 97 असू शकतो, म्हणजे घेतल्याक्षणी तीन रुपये गेलेच. बिटकॉइन, इथेरियमपुरतंच राहा.

खरेदी होताच स्टॉप-लिमिट लावा, म्हणजे भाव ट्रिगरपर्यंत पडला की विक्रीची ऑर्डर आपोआप लागते, आणि लिमिटपेक्षा कमी भावाला विक्री होत नाही. 100 ला घेतलं तर ट्रिगर 95 आणि लिमिट 94.50 ठेवा. दोन्ही सारखे ठेवले आणि भाव झपकन खाली गेला, तर ऑर्डर तशीच पडून राहते. पावसात लाईट गेली, टॉवर बंद पडला, तरी ही ऑर्डर एक्स्चेंजच्या सर्व्हरवर चालू असते. आपल्याकडे जुलैत याचा फार उपयोग होतो.

फ्युचर्सला, म्हणजे थोडी रक्कम लावून मोठ्या रकमेच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांना, हात लावू नका. दहापट लिव्हरेजवर (लावलेल्या रकमेच्या दहापट सौदा) भाव 10% उलटा गेला की लावलेली रक्कम संपते.

अनोळखी माणसाशी थेट पीटूपी (एक्स्चेंजऐवजी माणसाकडून माणसाला) व्यवहारही टाळा. त्याचे पैसे फसवणुकीतले निघाले तर तुमचं बँक खातं गोठतं. गणपतीला आलेल्या चाकरमान्याने दिली म्हणून टेलिग्राम ग्रुपची लिंक खरी ठरत नाही. ॲपवर नफा दिसतोय, पण काढण्याआधी ‘टॅक्स भरा’ म्हणतात, तर ती फसवणूकच आहे. आणखी एक रुपयाही न भरता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.