चीक, ऊन आणि माझा नाठाळ चेहरा

एप्रिल लागला की आमची पडवी घराची राहत नाही, आंब्याची होते. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमची कलमं. काढणी सकाळी लवकर सुरू होते, नऊपर्यंत पहिले क्रेट खळ्यात येतात आणि मी, जाऊबाई आणि वाडीतल्या दोघी-तिघी प्रतवारीला बसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात माझ्या गालावर चीक उतला. घाम पुसताना चिकाचा हात गालाला लागला, एवढंच. दोन दिवसांनी लाल चट्टा, त्यावर बारीक फोड आणि अशी आग की रात्री ओला पंचा तोंडावर ठेवून पडून राहिले.

इथे प्रत्येकाला कधी ना कधी चीक उततो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही. बाजारात गेले तेव्हा औषधाच्या दुकानात गाल दाखवला, त्यांनी एक ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत चेहरा साफ. साफ म्हणजे आधीपेक्षा उजळ! झालं, पुढची दोन वर्षं ती ट्यूब म्हणजे माझी 'क्रीम'. संपली की नवी. पावसाळ्यात यांच्या पाठीवर नायटा आला तेव्हा यांनाही तीच लावायला दिली.

तिसऱ्या वर्षी ट्यूब एक दिवस चुकली की चेहरा लाल व्हायला लागला. उन्हात पाऊल टाकलं की सुया टोचायच्या. गालावर बारीक तांबड्या शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. कामाला येणारी एकजण म्हणालीच, "काय ओ वैनी, तोंड असा कशान लाल झालाय?" शेवटी चिपळूणच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं, "किती दिवस लावताय?" म्हणून विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं.

तेव्हा तुमचाही चेहरा अलीकडे जे लावाल त्याने चुणचुणत असेल, तर नवीन काही विकत घेण्याआधी घरातल्या ट्यूबा गोळा करा आणि त्यांच्यावरचा मजकूर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते वाईट औषध नव्हे. योग्य जागी, ठरावीक दिवस, डॉक्टर सांगतील तेवढंच लावलं तर चीक उतल्यावर त्याच्यासारखा उतारा नाही. पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळलं तर कातडी पातळ होते, आणि थांबवलं की दुप्पट भडकते. नायट्यावर तर उलटंच होतं: खाज थांबते, नायटा मात्र आतून पसरत जातो. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी 'ते लाल झाकणाचं द्या' म्हटलं की मिळतं. आणि एक सांगते, बराच काळ लावत असाल तर स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका. माझं बाईंनी टप्प्याटप्प्याने उतरवलं. तोंड पुरतं निवायला सात-आठ महिने गेले, आणि त्यातले पहिले दोन मी आरशाकडे बघितलंच नाही म्हणा ना.

त्या काळात बाईंनी चेहऱ्याला उपास घडवला. सासूबाई एकादशीला धरतात तसा कडक. साबण बंद, डाळीचं पीठ बंद, हळद-दूध बंद, गुलाबपाणी बंद, फेसवॉश बंद. सकाळी साधं गार पाणी, रात्री सुगंध नसलेलं सौम्य क्लेन्झर, आणि दोन्ही वेळा ग्लिसरीन नाहीतर सेरामाइड असलेलं बिनवासाचं लोशन. बस. आपली कातडी किंचित आम्ल असते आणि साधा अंगाचा साबण चांगलाच अल्कधर्मी. चांगल्या कातडीला ते चालून जातं, चिडलेलीला नाही. आमच्याकडे शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी बोअरचं पाणी मचूळ होतं, तेव्हा तोंड धुवायला मी विहिरीचं भरून ठेवते.

घरात सर्वात मोठा वाद झाला तो खोबरेलावरून. सासूबाईंच्या मते खोबरेलाने बरं होत नाही असा रोग जगात नाही. हातापायांना मीही लावते, आणि काढणीला किंवा काजू फोडायला बसायच्या आधी हाताला तेल चोळून घेणं तर हवंच, त्याने चीक कातडीत कमी मुरतो. चेहऱ्याला मात्र त्याने मला पुळ्या येतात. आणि तेल लावलं म्हणजे उन्हाची काळजी मिटली हे अजिबात खरं नाही. ऊन अडवण्याची त्याची ताकद अगदी नाममात्र.

लिंबाचं तर विचारूच नका. काळे डाग जावेत म्हणून लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असं द्रव्य असतं की त्यावर ऊन पडलं की कातडी अक्षरशः भाजते, आणि काही दिवसांनी नवे काळे डाग उठतात. ते महिनोन्‌महिने जात नाहीत. पर्यटकांसाठी सरबत करताना रस मनगटावर ओघळला तरी तेवढ्या ओघळाचा डाग उठतो. लिंबं पिळून झाली की हात कोपरापर्यंत धुवायचे, मगच अंगणात.

चिकाचंही आलंच म्हणून इथेच सांगते. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले, म्हणून ज्याला एक उततो त्याला दुसराही उतायची शक्यता जास्त. चीक लागला की पुसू नका, पसरतो. लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा (हातापायांपुरती साबणाची बंदी इथे उठवली). फळ देठासकट काढलं तर चीक मुळात कमी उडतो, त्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, आमच्याकडे आहे. मुलं आंबा सालीसकट चोखतात आणि दोन दिवसांनी ओठांभोवती पुरळ येतं. त्याला आपण 'आंब्याची उष्णता' म्हणतो, पण पुष्कळदा ती सालीतल्या चिकाचीच करामत असते. अशा मुलाला साल काढून फोडी द्या, बहुधा काही होत नाही.

आता ऊन. इथेही लावायच्या गोष्टीकडे शेवटी यायचं. आधी घड्याळ बघा. दहा ते चार या वेळात जितकं टाळता येईल तितकं टाळा. घड्याळ नसेल तर सावली बघा: सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन जहाल आहे. आमच्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. नेमका तोच आमचा काढणीचा जोर! त्यात दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि अंगाला गार वाटतं. गार वाटलं म्हणजे ऊन सौम्य झालं असं नाही. भाजणारे किरण वेगळे, तापवणारे वेगळे. जूनमध्ये ढग आले तरी त्यातले बरेचसे किरण खाली येतातच.

दुसरं म्हणजे कापड. घट्ट विणीचा, गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा कुठल्याही ट्यूबपेक्षा भरवशाचा, आणि तो घामाने वाहून जात नाही. पातळ पांढरी ओढणी दिसायला छान, पण ओली झाली की तिच्यातून ऊन आणखी आत येतं. यांचा जुना निळा शर्ट मी साडीवर चढवते आणि वर रुंद काठाची टोपी घालते. सुरुवातीला जाऊबाई हसल्या, आता त्यांचाही एक शर्ट आहे. किनाऱ्यावर मात्र टोपी अर्धंच काम करते, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. ऊन खालून येतं, हनुवटीखालीही लागतं. पाहुणे गुहागरच्या समुद्रावर निघाले की मी त्यांना पाण्याच्या कडेला नाही, सुरूच्या बनात बसा म्हणते.

एवढं करूनही जो भाग उघडा उरतो, तेवढ्यापुरतं सनस्क्रीन. ट्यूबवर दोन गोष्टी बघायच्या. एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या अतिनील 'बी' (यूव्हीबी) किरणांचा. नीट लावलं तर ३० ने सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने ९८, तेव्हा शंभराच्या मागे धावण्यात अर्थ नाही. दुसरं, पीए आणि पुढे अधिकची चिन्हं. ही 'ए' किरणांची मोजणी. चेहरा काळवंडणं, वांग गडद होणं यात त्यांचा मोठा हात, आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतात. चिपळूणला एसटीने जाताना मी म्हणूनच सावलीच्या बाजूची सीट धरते. तीन किंवा चार अधिक चिन्हं असलेलं घ्या.

नाठाळ कातडीला कुठलं सोसेल? बाईंनी मला झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, म्हणजे खनिजाचं दिलं. ते सहसा झोंबत नाही. दुसऱ्या जातीची, कातडीत जिरणारी सनस्क्रीन दिसायला हलकी असतात, पण ऑक्सिबेन्झोनसारखी त्यातली काही द्रव्यं कुणाकुणाला उन्हात गेल्यावर उततात, आणि घामाबरोबर डोळ्यात गेली की डोळे चोळत बसावं लागतं. खनिजवाल्यांचा दोष हा की आपल्या सावळ्या रंगावर ती पांढरी दिसतात. पहिल्या दिवशी मी खळ्यात आले तेव्हा तमाशातल्या सोंगाड्यासारखी दिसत होते. पुढे रंगीत, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं घेतलं. त्यात लोह ऑक्साइड असतं, ते दिसणारा उजेडही अडवतं. वांग असलेल्यांना त्याचा जास्त उपयोग. 'सुगंधरहित' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. चंदन, केशर, संत्र्याचं तेल, 'हर्बल', 'नॅचरल' या शब्दांना भुलू नका. बिब्बासुद्धा नॅचरलच आहे.

नवीन ट्यूब थेट तोंडाला लावायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. काही झालं नाही तर तोच हात रोज थोडा उन्हात धरा, कारण काही द्रव्यांचा खरा रंग ऊन पडल्यावरच कळतो. मग दोन-तीन दिवस फक्त जबड्याच्या कडेला, आणि मग तोंडभर. एका वेळी एकच नवी गोष्ट, दुसरीच्या आधी निदान दोन आठवडे जाऊ द्या. मी पेट्यांच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, काय लावलं आणि काय झालं लिहिते. त्या पानावरूनच कळलं की मला झोंबत होतं ते सनस्क्रीन नव्हतं, तोंड पुसायच्या टॉवेलला लागलेला धुण्याच्या पावडरचा वास होता.

बहुतेकींचं चुकतं ते लावण्याच्या मापात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. अर्धंच लावलंत तर ट्यूबवरचा आकडा तुमच्यासाठी नाही. माझी ५० ग्रॅमची ट्यूब हंगामात महिनाभरही पुरत नाही. तुमची तीन महिने पुरत असेल तर तुम्ही लावत नाही, नुसता हात फिरवता. म्हणून महागडी छोटी ट्यूब काटकसरीने वापरण्यापेक्षा परवडणारी मोठी घ्या. घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, आणि उन्हात काम असेल तर दोन तासांनी पुन्हा. घाम आधी टिपायचा, घासायचा नाही. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचे पंजे हमखास विसरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काहीही फासू नका, त्याला सावलीतच ठेवा.

डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवायला विसरू नका. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने डॉक्सीसायक्लिन दिलं जातं, त्याने काहींना उन्हात पटकन भाजतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. गोळी बंद करायची नाही, टोपी घट्ट करायची. आणि उन्हानंतर दोन्ही गालांवर नाकावरून जाणारा लाल पट्टा उठत असेल, सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील, तर हे सगळं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. डोळे सुजले तरी तसंच.

ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने ती फुटते, मग पाणी वेगळं आणि पांढरं वेगळं. माझी फडताळात फणसपोळीच्या डब्याशेजारी असते. गेल्या आठवड्यात ती अचानक हलकी लागली. विचारल्यावर हे म्हणाले, "कलमावर चढायच्या आधी थोडं लावतो हल्ली." थोडं म्हणजे किती, ते अजून दोन बोटांवर आलेलं नाही.