मूनबाउन्स सुरू करताय? आधी कान तयार करा आणि या चुका टाळा

दोन मीटरवर (१४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर) रिपीटरच्या गप्पा झाल्या, उपग्रह ऐकून झाले, आता चंद्रावरून सिग्नल परतवून युरोप गाठायचा, म्हणजेच मूनबाउन्स करायचा. असं ठरवलेला नवा हॅम (हौशी रेडिओवाला) भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लिनिअर किती वॅटचा घेऊ?" लिनिअर म्हणजे प्रसारणाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर. आलेला क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प कुठे बसवू, असं कोणी विचारत नाही. केबल किती डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक) खाते हे तर पाहिलेलंच नसतं. मग सगळे पैसे लिनिअरमध्ये जातात, चंद्र उगवतो, मावळतो, स्क्रीन कोरीच राहते आणि दोन-तीन महिन्यांत निष्कर्ष निघतो की आपल्याकडून हे होण्यासारखं नाही. होण्यासारखं आहे. एका लांब यागीवर (एका दिशेला रोखायच्या काड्यांच्या अँटेनावर) आणि शंभर वॅटवरही होतं, फक्त क्रम उलटा लावू नका.

आधी कागदावर हिशेब मांडा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. सिग्नलला जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात आणि चंद्रावर पोहोचलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम सहा-सात टक्के परत फिरते. १४४ मेगाहर्ट्झवर या सगळ्या प्रवासाचा तोटा साधारण २५२ डीबी. तुमचे शंभर वॅट म्हणजे ५० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत), तुमची यागी १४ डीबीआय (अँटेनानं दिलेली वाढ), समोर युरोपातल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाचा २४ डीबीआयचा ॲरे (अनेक यागींचा संच). बेरीज-वजाबाकी केली की त्याच्याकडे तुमचा सिग्नल उणे १६४ डीबीएमने पोहोचतो. शांत आकाशाचा गोंगाट अडीच किलोहर्ट्झमध्ये उणे १४० च्या आसपास. म्हणजे तुम्ही गोंगाटाच्या २४ डीबी खाली. कानाला काही ऐकू येणार नाही, पण जेटी६५ आणि क्यू६५ हे संगणकावर चालणारे मोड नेमके याच पातळीवर काम करतात. ज्यांच्या हातून हे मोड घडले त्या जो टेलर यांना १९९३ साली पल्सार या स्पंदणाऱ्या ताऱ्यांवरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. क्षीण सिग्नल गोंगाटातून उपसणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, समोरचा मोठा असला पाहिजे. दोन छोटी स्टेशनं एकमेकांना ऐकू शकत नाहीत, आणि त्याच कारणानं तुम्हाला स्वतःचा प्रतिध्वनीही ऐकू येणार नाही. "माझा एको येत नाही, म्हणजे सेटअप बिघडलाय" हा समज सोडा. २०१० मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो वेधशाळेची ३०५ मीटरची डिश ४३२ मेगाहर्ट्झवर हौशी मूनबाउन्ससाठी वापरली गेली, तेव्हा अगदी छोट्या यागीवाल्यांनीही तिच्याशी संपर्क केले. सगळं काम त्या डिशनं केलं. दुसरी गोष्ट, तुम्ही काठावर उभे आहात. इथे एक-दोन डीबी म्हणजे किरकोळ घट नसून डीकोड (संगणकानं वाचलेला संदेश) येणं आणि न येणं यातला फरक आहे.

प्रीॲम्प खाली, अँटेना वर

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तरुण हॅमकडे दोन चांगल्या लांब यागी होत्या, नवा लिनिअर होता आणि आयात केलेला महागडा प्रीॲम्पही होता. तो प्रीॲम्प त्यानं टेबलावर रिगच्या (रेडिओ संचाच्या) शेजारी ठेवला होता, कारण तिथे पावसाची भीती नाही. मध्ये पंचवीस मीटर आरजी-५८ ही पातळ केबल. ही केबल १४४ वर शंभर मीटरला साधारण २० डीबी खाते, म्हणजे पंचवीस मीटरला पाच. चंद्राकडून आलेला सिग्नल प्रीॲम्पपर्यंत येईस्तोवर एक तृतीयांश उरत होता. गेलेला सिग्नल नंतर कितीही वाढवला तरी परत येत नाही. गोंगाटही तेवढाच वाढतो. प्रसारणातही तेच. लिनिअरची दोन-तृतीयांश ताकद केबल तापवण्यात जात होती आणि तो आणखी मोठ्या लिनिअरची चौकशी करत होता.

आम्ही प्रीॲम्प प्लॅस्टिकच्या हवाबंद डबीत घालून मास्टवर (अँटेनाच्या खांबावर), अँटेनापासून हातभर अंतरावर बसवला. डबीच्या तळाला एक बारीक भोक ठेवलं, म्हणजे आत दव साचलं तर बाहेर पडेल. खाली येणारी केबल जाड घेतली. दुसऱ्याच रात्री, लिनिअर बंद असताना, इटलीतल्या एका स्टेशनाचा सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) डीकोड झाला.

इथवर छान. मग त्याला घाई झाली. त्याला सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकेक गोष्ट चालू-बंद करणारं सर्किट, लावून घे असं निक्षून सांगितलं होतं. त्याला वाटलं, पीटीटी (प्रसारणाचं बटण) दाबलं की अँटेना प्रसारणाकडे वळवणारा रिले पडतोच, मग वेगळं सर्किट कशाला? रिलेची पट्टी एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊन स्थिर व्हायला काही मिलिसेकंद लागतात. रिगनं त्याआधीच पॉवर सोडली. पहिल्या प्रसारणातच प्रीॲम्पचा ट्रान्झिस्टर गेला. वाईट भाग पुढे आहे: असा प्रीॲम्प नेहमी पूर्ण मरत नाही, अर्धमेला होतो. सिग्नल थोडाफार जातो, नॉइज फिगर (प्रीॲम्पच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप) मात्र पार बिघडलेली असते. त्यानं पुढचे कितीतरी चंद्रोदय त्या अर्धमेल्या प्रीॲम्पवर घालवले.

म्हणून माझा क्रम पक्का आहे. आधी प्रीॲम्पची वीज तुटते आणि अँटेनाचा रिले फिरतो, मग लिनिअर चालू होतो, सर्वांत शेवटी रिगला प्रसारणाची परवानगी मिळते. परत येताना हाच क्रम उलटा. प्रत्येक पायरीत मी मुद्दाम भरपूर वेळ ठेवतो. पन्नास मिलिसेकंद उशीर झाल्यानं मूनबाउन्समध्ये काही बिघडत नाही. रिलेचं आयसोलेशनही (प्रसारणाची ताकद प्रीॲम्पकडे जाण्यापासून तो किती रोखतो ते) बघा. ४०० वॅट म्हणजे ५६ डीबीएम. रिले ४० डीबीच रोखत असेल तर प्रीॲम्पच्या तोंडाशी ४० मिलिवॅट पोहोचतात, आणि तेवढे त्याला मारायला पुरतात. ६० डीबीचा रिले घ्या. जुन्या बाजारात मिळाला तरी चालेल, पण मोजून घ्या. सिक्वेन्सर पुढच्या महिन्यात लावू म्हणणाऱ्याला मी लिनिअरची वायर जोडून देत नाही.

शहराचा गोंगाट

तुमचा कान उत्तम झाला की दुसरा शत्रू समोर येतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी जागा निवडताना तिथली रेडिओ शांतता हे एक मोठं कारण होतं. आपण मात्र एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर, राउटर आणि लिफ्टच्या मधोमध राहतो. नवे लोक रिगवरचा एस-मीटर (सिग्नलची पातळी दाखवणारा काटा) शून्यावर बघून समाधान मानतात. एस-मीटरला हा गोंगाट दिसतच नाही.

माझी युक्ती साधी आहे: वीज जाण्याची वाट बघा. देखभालीसाठी भाग बंद असतो त्या दिवशी रिग आणि लॅपटॉप बॅटरीवर घेऊन बसा, गोंगाटाची पातळी डीबीमध्ये लिहून ठेवा, आणि वीज परत येताना स्क्रीनवरून नजर हलवू नका. पुण्यातल्या एका सोसायटीत आम्ही असंच बसलो होतो. वीज आली तशी पातळी सात डीबीनं चढली. घरातले एमसीबी एकेक करून पाडले, फरक शून्य. मग तीन एलिमेंटची छोटी यागी हातात घेतली, रिसीव्हर एएम मोडवर ठेवला आणि गच्चीवर चालत सुटलो. खरखर वाढत वाढत पाण्याच्या टाकीखाली गेली. तिथे सोसायटीच्या कॅमेऱ्याचा स्वस्त अडॅप्टर तारेनं बांधून ठेवलेला होता, यागीपासून चार मीटरवर. फेराइट रिंगमधून वायरचे सात-आठ वेढे घेतले, थोडंच कमी झालं. शेवटी त्या हॅमनं स्वखर्चानं चांगला अडॅप्टर आणून दिला आणि समितीनं तो आनंदानं लावला. सात डीबी परत मिळाले. तेवढंच अँटेनानं मिळवायचं म्हटलं असतं तर एका यागीच्या चार करूनही कमी पडलं असतं.

रात्री दहानंतर सगळं आपोआप शांत होईल, या भरवशावर राहू नका. रस्त्यावरचे एलईडी तेव्हाच पेटलेले असतात.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

फक्त एफएमचा रिग घेऊन हे जमत नाही, एसएसबी (सिंगल साइडबँड) हवंच.

जेटी६५ या मिनिटाच्या मोडमध्ये रिग सलग ४७ सेकंद पूर्ण ताकदीनं चालतो. एसएसबीसाठी ३०० वॅट म्हणून विकलेला लिनिअर तसाच पिळू नका, निम्म्यावर ठेवा. आणि परवान्यावर लिहिलेल्या वॅटच्या पुढे जाऊ नका.

संगणकाचं घड्याळ बसण्याआधी इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून जुळवा. चंद्रावरून आलेल्या डीकोडसमोर डीटीचा (वेळेतल्या फरकाचा, सेकंदांत) आकडा अडीचच्या आसपास दिसतो. शून्याजवळ दिसला तर तो सिग्नल चंद्राकडून आलेला नाही.

ट्रॅकिंगच्या प्रोग्रॅममध्ये वेळ यूटीसी (जागतिक) आहे की भारतीय, हे तपासा. चंद्र तासाला साधारण साडेचौदा अंश सरकतो. साडेपाच तासांच्या जागी पाच टाकले की अँटेना सात अंश चुकते. लोकेटरही (ठिकाणाचा सांकेतिक पत्ता) आपलाच टाका, पुण्याचा एमके६८.

उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून धरू नका. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खरी उत्तर जवळपास एकच आहे, घोळ करतं ते गच्चीतलं लोखंड. मी सूर्यावर जुळवतो: अँटेना सूर्याकडे रोखली की बूमची सावली आखडत जाऊन मागे ठिपक्याएवढी उरते. त्याच जागी सूर्याचा गोंगाटही सर्वाधिक यायला हवा. दोन्ही एकाच ठिकाणी आले की रोटेटरचे आकडे तिथे कुलूपबंद करायचे.

डॉपलरमुळे (चंद्र आणि आपल्यातल्या सापेक्ष गतीमुळे) १४४ वर सिग्नल काहीशे हर्ट्झ सरकलेला असतो. स्क्रीनवरच्या धबधब्यात (वॉटरफॉलमध्ये) तेवढी रुंदी बघा.

सांधे एन कनेक्टरचे करा. पीएल-२५९ मध्ये पहिल्याच पावसात पाणी शिरतं. ताणून चिकटणारी रबराची टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे तिचे थर कौलांसारखे पाणी खाली सोडतात.

यागी आडवी लावा. माणसांनी केलेला गोंगाट बराचसा उभा असतो, आणि क्षितिजाजवळ जमिनीचा फायदा आडव्यालाच जास्त मिळतो.

४३२ ची स्वप्नं बघण्याआधी परवान्याचा तक्ता वाचा. आपल्याकडे तो पट्टा ४३४ ते ४३८ आहे, आणि जगाचं मूनबाउन्स ४३२ वर चालतं.

चंद्रोदयाच्या मागे लागणं

पूर्वेला चंद्र वर येताना दिसला की लोक उत्साहानं बसतात. त्या वेळी चंद्र आपल्याबरोबर जपान, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकला दिसतो. दोन मीटरवरची बहुतेक मोठी स्टेशनं युरोपात आहेत आणि ती मिळतात चंद्र पश्चिमेला कलल्यावर. मावळतीच्या सुमारास अमेरिकेचा पूर्व किनाराही हाती लागू शकतो. म्हणून गच्ची निवडताना पश्चिम मोकळी आहे का ते बघा. एलेव्हेशन रोटेटर (अँटेना वर-खाली वळवणारी मोटर) नसेल तर मावळतीचा तास हेच तुमचं काम, कारण आपल्या अक्षांशावर चंद्र बऱ्याचदा जवळपास डोक्यावर जातो आणि क्षितिजाकडे रोखलेली यागी तिथे पोहोचत नाही. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर ही संधी सोडूच नये. समुद्रावर मावळणाऱ्या चंद्रासमोर पाण्यावरून परावर्तित झालेला सिग्नल थेट सिग्नलमध्ये मिळून सहा डीबीपर्यंत वाढ देतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही. फक्त बीम आडवी असताना समोर शेजारची गॅलरी आणि त्यात माणसं नसावीत.

दिवसही निवडा. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत आहे आणि १४४ वर ते भयंकर गोंगाट करतं. चंद्र त्या भागात असला की अँटेनाला दिसणारं आकाशाचं तापमान दोन-तीनशे केल्व्हिनवरून हजारांत जातं. पंचांग घरात असतंच. चंद्र ज्येष्ठा, मूळ, पूर्वाषाढा या नक्षत्रांत असेल ते दिवस मी सरळ सोडून देतो आणि गच्चीवरची दुरुस्तीची कामं काढतो. अमावस्येच्या आसपास सूर्यही त्याच बीममध्ये येतो, तेही दिवस नकोत. मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा चंद्र उत्तरेकडे असतो, युरोपला तो जास्त वेळ आणि उंच दिसतो. त्या दिवसांसाठी रजा टाकावी. शिवाय चंद्र पृथ्वीजवळ असेल तर दूर असतानापेक्षा साधारण दोन डीबी जास्त मिळतात.

अर्ध्यात सोडणं आणि फोनवर पूर्ण करणं

समोरचा तुम्हाला स्वच्छ डीकोड होतोय, पण त्याला तुम्ही दिसत नाही. नवा माणूस लगेच लिनिअर, केबल, रिले उचकटायला लागतो. काहीही उचकटू नका. आयनोस्फियरमधून जाताना लहरीचं ध्रुवीकरण (तिच्या कंपनाची दिशा) फिरतं, त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे युरोपातली आडवी रेघ आणि आपली आडवी रेघ अवकाशात एका दिशेला नसतात. दोन्ही मिळून रस्ता कधी कधी एकाच बाजूनं उघडा राहतो. हे फिरणं संथ असतं. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. बसून राहा, आपल्या पाळीला पाठवत राहा. मी तर डीकोड बंद पडले तरी ठरलेली वेळ संपेपर्यंत उठत नाही.

आणि या वाट बघण्याच्या काळातच सर्वांत वाईट शॉर्टकट घडतो. मोबाइलवर निरोप जातो, "तुझा रिपोर्ट आला, आता आरआरआर पाठव." (आरआरआर म्हणजे पोच.) दोघांना काय येणार ते आधीच माहीत, सॉफ्टवेअरलाही अपेक्षित कॉल साईन भरून दिलेला, आणि गोंगाटातून मनासारखी अक्षरं निघतात. हा संपर्क नव्हे. दोन्ही कॉल साईन, रिपोर्ट आणि त्याची पोच, हे सगळं दोन्ही बाजूंनी चंद्राच्याच रस्त्यानं यायला हवं. वेळ आणि फ्रिक्वेन्सी आधी ठरवायला कुणाची हरकत नाही, पण पहिलं प्रसारण सुरू झालं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आरआरआर आला नसेल तर लॉगमध्ये ओळ भरू नका. समोरच्याला निरोप द्या की अपूर्ण राहिलं. दुसऱ्या दिवशी चंद्र साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळेल, ती वेळ ठरवून पुन्हा बसा.