मनाचे औषध लागू पडत नाही? या चुका टाळा

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधताना धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गोळ्यांनी काही फरक पडत नाही. चार दिवस झाले, बंद केल्यात." डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन तेव्हा जेमतेम अठरा दिवस झाले होते.

पहिली चूक हीच. या गोळ्यांचा गुण दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता गुण यायला 6 ते 8. एकदम बंद केल्या तर काहींना चक्कर येते, मळमळते, झोप उडते आणि वाटते आजारच वाढला. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

दुसरी चूक जास्त घात करते. दोन तास ओपीडीत बसायचे आणि डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारले की "बरं आहे" म्हणून उठायचे. आम्ही कालनिर्णयावर रोज पेन्सिलने लिहू लागलो: किती तास झोपला, गोळी चुकली का, जेवला का, आंघोळ केली का. महिन्याने ते पान डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी रविवार-सोमवारच्या चौकटींवर बोट ठेवून विचारले, "शनिवारी काय घेतोस?" जेवणाआधीचे दोन पेग आपल्याकडे कुणी पिण्यात धरत नाही, म्हणून आम्हीही सांगितले नव्हते. दारूने उदासी वाढते, झोप मोडते. त्याच दिवशी थायरॉईड आणि बी-12 ची तपासणीही लिहून दिली, कारण त्यांतल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो.

एवढे करूनही गुण आला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले जेमतेम एक तृतीयांश होते. पुढे औषध बदलून किंवा जोडून आणखी बरेच जण सावरले. म्हणून स्पष्ट विचारा: डोस वाढवायचा, औषध बदलायचे की समुपदेशन जोडायचे? समुपदेशनाला कमी लेखू नका. आपल्या गोव्यातच 'संगथ' संस्थेने आरोग्य केंद्रांत दाखवून दिले आहे की, नीट प्रशिक्षण दिलेली साधी माणसेही बोलून आणि रोजची छोटी कामे पुन्हा सुरू करून देऊन डिप्रेशन कमी करू शकतात.

जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच इस्पितळात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. आमच्या कालनिर्णयावर तो वरच्या कोपऱ्यात लिहिला आहे, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा.