बार्शी लाईट रेल्वेचा जुना मार्ग कसा शोधावा : कुर्डुवाडी ते लातूर

लातूर-धाराशिव भागात स्थानिक इतिहासाचा अभ्यास हाती घेणारे बहुतेक जण किल्ले, लेणी आणि मंदिरे यांच्याकडे वळतात. शंभर वर्षे या भागाचा शेतमाल वाहून नेणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग मात्र त्यांच्याकडून सुटतो. तो शोधायचा असेल तर रूळ तिथूनच का गेले हे आधी समजून घ्यावे, मग नकाशा उघडावा आणि शिवारात सर्वांत शेवटी जावे. हा क्रम उलटा केला तर दिसेल तो उंच बांध रेल्वेचाच वाटू लागतो.

‘का’चे उत्तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या हिशेबात आहे. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, पण मुंबई-मद्रास मुख्य मार्ग तिच्यापासून दूर, कुर्डुवाडीवरून गेला होता. कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि रुळांमधील अंतर 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर, ठरले. त्यांचा खरा भर मात्र या मापापेक्षा भाराच्या वाटणीवर होता. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे दर यार्डाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, पूल हलके झाले आणि टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालणे परवडले. जुना मार्ग शोधताना हे सतत ध्यानात ठेवावे, कारण रुंद मापाची गाडी जिथून जाणारच नाही अशा वळणांवरही या गाडीचा भराव सापडू शकतो. जर्मनीतील सॅक्सनी राज्यात 1881 पासून 750 मिलिमीटर मापाचे असेच प्रादेशिक मार्ग घातले जात होते. कमी खर्चात आडबाजूची गावे जोडण्याचा प्रश्न तेव्हा तिकडेही होता, हे आपल्याकडील वर्णनांत सहसा येत नाही.

यानंतर कालक्रम लिहून काढावा. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला, 1906 मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूर जोडले गेले, तडवळ्यावरून पुढे सरकत मार्ग 1911 मध्ये लातूरला पोहोचला आणि 1927 मध्ये मिरज गाठल्यावर एकूण लांबी सुमारे 325 किलोमीटर झाली. 1954 मध्ये सरकारने हा मार्ग विकत घेतला. लातूर ते कुर्डुवाडी पट्ट्याचे रुंदीकरण, म्हणजे छोट्या मापाऐवजी रुंद मापाचे रूळ घालणे, 2007 आणि 2008 मध्ये दोन टप्प्यांत झाले.

कागदपत्रांत शोध घेताना जुनी नावे हाताशी असावीत. कुर्डुवाडी हे स्थानक पूर्वी ‘बार्शी रोड’ होते. धाराशिव जिल्हा आधी नळदुर्ग आणि मग उस्मानाबाद या नावाने नोंदला जाई. लातूर 1982 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या राज्यात असल्यामुळे नोंदीही दोन सरकारांच्या आहेत. निजामी बाजूसाठी हैदराबाद येथील अभिलेखागार आणि छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेख कार्यालय या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी. तेथील फसली सनात, म्हणजे निजामी राज्याच्या महसुली कालगणनेच्या वर्षात, 590 मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. मात्र वर्षारंभ ऑक्टोबरमधला असल्याने 1320 फसली म्हणजे 1910 आणि 1911 या दोन्ही वर्षांचा भाग, हे विसरू नये. सोलापूरचे 1884 चे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, या रेल्वेपूर्वीचे आहे. त्यात हा मार्ग सापडणार नाही, पण गाडी येण्याआधीचा बार्शीचा व्यापार कळतो, म्हणून ते वगळू नये.

नकाशांमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाचे जुने नकाशे सर्वांत उपयोगी आहेत. ते न मिळाल्यास अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात काढलेले अडीच लाखांत एक प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यांवरील स्थानके क्रमाने उतरवून घ्यावीत आणि आजच्या उपग्रहचित्राशी ताडून पाहावीत. ढोकी, मुरूड, हरंगुळ या बाजूला सपाट माळ असल्याने तुलना सोपी जाते.

खरे काम येडशी ते पांगरी या भागात आहे. बालाघाटाच्या पठारावरून बार्शीच्या सखल भागात उतरण्यासाठी छोटी गाडी रामलिंगच्या घाटातून वळणे घेत जाई आणि धाराशिव शहर तिच्या वाटेवर नव्हते. रुंदीकरणात मार्ग धाराशिवकडे वळवला गेला, त्यामुळे घाटातला जुना मार्ग रिकामा राहिला. इथे नव्या रुळांच्या आधाराने जुना मार्ग ओळखू गेल्यास हमखास फसगत होते. ओढ्यावरचे दगडी खांब, अरुंद मोऱ्या आणि टेकडीच्या कडेने एकाच संथ चढाने जाणारी पट्टी या खुणा एकत्र दिसल्या तरच नोंद करावी. बैलगाडीची वाट चढ असा सांभाळत नाही. हा परिसर अभयारण्यात मोडतो, म्हणून वनविभागाची परवानगी आधी घ्यावी आणि पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर जावे.

लातूर शहरात शोध पत्त्यांपासून सुरू करावा, कारण ‘जुनी रेल्वे लाईन’ हा उल्लेख तिथे अजून चालतो. वृद्धांना ‘गाडी कुठून जायची’ असे मोघम विचारण्यापेक्षा फाटक कोणाच्या शेताजवळ होते, इंजिन पाणी कुठे घेई, माल कोणत्या धक्क्यावर उतरे, असे नेमके विचारावे. प्रत्येक उत्तराशेजारी सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, हे लिहावे आणि नकाशाशी न जुळणारे उत्तर खोडून न टाकता वेगळ्या रंगात ठेवावे.