एनजी टेक उडवू नका: गावात हॉरर शॉर्टफिल्म करणाऱ्या पोट्ट्यांसाठी

कॉलेजची हॉरर शॉर्टफिल्म करताय, कॅमेरा म्हणजे मोबाईल किंवा कोणाकडून मागून आणलेला डीएसएलआर, लोकेशन म्हणजे मामाचा पडका वाडा नाहीतर जागलीची मचाण, असं धरून चालतो. शॉट डिव्हिजन, क्लॅप वगैरे तुम्हाला येतंच, त्यावर बोलत नाही. मला फक्त एनजी टेकबद्दल, म्हणजे ‘नो गुड’ म्हणून बाजूला टाकलेल्या टेकबद्दल बोलायचंय.

राजेहो, रात्री शूटवर बसून टेक डिलीट करू नका. कार्ड भरलं तर शूट थांबवा, लॅपटॉपवर कॉपी मारा, पण तिथल्या तिथं उडवायचं नाही म्हणजे नाही.

काहून एवढं जोरात सांगतो? आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं. रात्री एक-दीडला शेतात मिट्ट काळोख असतो, डोळे त्या अंधाराला सरावलेले असतात, अशात मोबाईलची स्क्रीन भगभगीत दिसते. त्यावर प्रत्येक टेक उजळ वाटतो. मग तुम्ही एक्स्पोजर अजून खाली आणता, मस्त डार्क मूड आला म्हणून तो टेक ओके करता, आणि आधीचा जरा उजेडाचा टेक दिवसासारखा दिसतोय म्हणून उडवता. सकाळी लॅपटॉपवर बघावं तर ओके टेकमध्ये निव्वळ काळं, ब्राइटनेस वाढवला की दाणेच दाणे वळवळतात, आणि ज्यातून खरी रात्र निघाली असती तो टेक आता नाही. उजेड जास्त झालेलं फुटेज, पांढरं फटक पडलं नसेल तर, एडिटमध्ये खाली आणता येतं. सेन्सरवर जे आलंच नाही ते कोणताच प्लगइन परत आणत नाही. म्हणून स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस बंद करा, तो कमीवर ठेवा आणि डोळ्यापेक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे फ्रेममध्ये काळं किती (डावीकडं) आणि उजेड किती (उजवीकडं) ते दाखवणाऱ्या आलेखावर विश्वास ठेवा. सगळा ढीग डाव्या कडेला चिकटला असेल तर टेक परत घ्या. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा हिस्टोग्राम नसतो, ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, तुमच्या फोनवर चालत असेल तर तेच टाका.

पहिल्या शूटचं फुटेज बघून पोटात गोळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. थांबू नका, त्याच ढिगात माल असतो.

तो शोधायचा कसा, तर आधी नुसता ऐकायचा. स्क्रीन झाका, इअरफोन लावा. आमच्या एका क्लिपमध्ये माईक धरणारा पोट्टा फ्रेममध्ये घुसला म्हणून टेक एनजी होता. ऐकताना कळलं की तो पऱ्हाटीतून आत आला आणि त्याच्या बाजूचे रातकिडे एकदम गप्प झाले. माणूस जवळ आला की रातकिडे थांबतात, हे आमच्या वरोऱ्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे, पण स्क्रिप्ट लिहिताना ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग आमच्या भुताची एंट्री तीच झाली. पडद्यावर काही नाही, बाई ओसरीत कंदिलाजवळ तूर निवडतेय, आणि आधी डाव्या कानातली किरकिर थांबते, मग उजव्या. प्रोजेक्टरवर लावलं तेव्हा वर्गातली पोरं मागं वळून बघत होती, अजून आठवलं की बरं वाटतं.

त्याच ऐकण्यात दुसरी गोष्ट सापडली. संध्याकाळी आठचा टेक आणि पहाटे तीनचा टेक जोडला की किरकिर उडी मारते, कारण गारठा वाढतो तसे रातकिडे हळू ओरडतात. ॲमॉस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तर १८९७ सालीच त्यावरून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. दिवाळीनंतर शूट करणार असाल तर हे होणारच. उपाय असा की एनजी क्लिपमधले कोणी बोलत नाही असे तुकडे काढा, एकाच वेळचे, ते जोडून सलग पट्टा करा आणि सगळ्या सीनखाली टाका. नेटवरचे हॉरर साउंड पॅक मात्र नका वापरू. परदेशी घुबड ज्यानं पिंगळा ऐकलाय त्याला लगेच खोटं लागतं.

मग आवाज बंद करून बघा, खास करून ॲक्शनच्या आधीचं आणि कटच्या नंतरचं. आमची हिरोईन म्हणजे गावातल्याच एक काकू. किंचाळा म्हटलं की झाडीपट्टीच्या नाटकात शेवटच्या माणसाला ऐकू जावं तशा किंचाळायच्या, मांडवात ते बरोबरच आहे, क्लोजअपला ते जास्त होतं. एकदा कट म्हटल्यावरही कॅमेरा चालू राहिला, तेवढ्यात धुऱ्याकडं टिटवी ओरडली. काकूंनी मान हलवली नाही, फक्त डोळे तिकडं गेले, ओठ जरासे उघडे, पदराचं टोक बोटात तसंच. शॉट थोडा हललेला होता तरी तोच ठेवला, अर्थात काकूंना दाखवून, विचारून.

विजेच्या दिव्याखालच्या शॉटमध्ये पट्ट्या सरकताना दिसल्या तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ला लॉक केलं की बहुतेक वेळा जातात. ऑटोवर ठेवलं तर एका टेकात येतील, दुसऱ्यात नाही, आणि तुम्ही उगाच बल्ब बदलत बसाल.

वर्कशॉपला आलेल्या एका सरांनी आम्हाला सांगितलं होतं की प्रोफेशनल माणूस फक्त सिलेक्ट, म्हणजे निवडलेले चांगले टेक ठेवतो. मला हे अजिबात पटत नाही. शिकणाऱ्याची नजरच अजून तयार नसते, तो सिलेक्ट कशावरून करणार? त्यापेक्षा झाडीपट्टीत लाईट बघणाऱ्या एखाद्या दादाजवळ रात्रभर उभे राहा, अंधार किती ठेवायचा ते तो दाखवेल.

एक वही ठेवा, प्रत्येक क्लिपपुढं ती काहून एनजी झाली ते लिहा. हलली, फोकस गेला, हसू आलं, कुत्रं आलं. एकच कारण पानभर दिसलं तर पुढच्या रात्री तेवढंच सुधारा, बाकी सोडा. आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन ठिकाणी कॉपी, तीही रात्रीच, लाईन असेपर्यंत, कारण सकाळी लाईन गेली की लॅपटॉप चार्ज होत नाही आणि कार्ड तर पुढच्या शूटला लागतंच.